मिऱ्याची राखण आणि आर्नोकाठची छत्री

१३ जून, कोल्हापूर

महालक्ष्मी एक्सप्रेस सुटायला अर्धा तास होता. स्टेशनवर सोडायला धाकटी जाऊ आली होती. घराची किल्ली तिच्या हातात दिली आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. तुळशीला पाणी, टाकी भरली की मोटर बंद, मागच्या दाराची वरची कडी जरा जोर लावून सरकवायची. ती म्हणाली, "अक्का, तुमचं घर मी राखतो. तुम्ही निवांत तिकडचं राखा."

आम्ही निघालो होतो तेच करायला. इटलीत फ्लॉरेन्स शहरात एका जोडप्याचं घर, त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा आणि एक मांजर, दोन आठवडे सांभाळायचं होतं. ते दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी डेन्मार्कला जाणार होते. त्यांनी आम्हाला पगार द्यायचा नाही, आम्ही त्यांना भाडं द्यायचं नाही. जगभर याला हाउस सिटिंग म्हणतात. आपल्याकडे राखण हा शब्द आहे आणि मला तोच नेमका वाटतो, कारण त्यात जबाबदारी आधी येते आणि राहणं नंतर.

याची सुरुवात पुरात झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती. आमचं घर राजारामपुरीत, उंचावर. सुतारवाड्यातलं ओळखीचं एक कुटुंब रात्रीत घराबाहेर पडलं. निवारा केंद्रात कुत्र्याला नेता येईना, म्हणून त्यांचं कुत्रं आमच्याकडे आलं आणि बारा दिवस राहिलं. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या ताटाशेजारी येऊन बसलं. पाणी ओसरल्यावर त्याचा मालक न्यायला आला, तेव्हा तो माणूस दारातच खाली बसला आणि कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. घर गेलं, भांडीकुंडी गेली, पण हे जनावर धड राहिलं, एवढंच म्हणत होता. ते दृश्य आम्ही दोघंही विसरलो नाही.

हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पाठोपाठ मी शाळेतून. मग कोथरूडला तीन मांजरं सांभाळली, बेळगावात एक म्हातारी लॅब्रेडॉर, म्हापशाला दोन कुत्री आणि कोंबड्या. प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी आमच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. परदेशातला माणूस त्या ओळी वाचून आणि व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा बघूनच घराची किल्ली देतो. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एकदम परदेशावर उडी मारू नये. आधी इथली चार घरं मनापासून सांभाळावीत.

व्हिसाचंही इथंच सांगून टाकते, कारण विचारतात सगळे. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि राहण्याच्या मोबदल्यात घर सांभाळणं हेही कामच, असं काही देश मानतात. अमेरिकेच्या विमानतळावरून अशा राखणदारांना परत पाठवल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आम्ही काही लपवलं नाही. फ्लॉरेन्सच्या बाईंनी निमंत्रणपत्र पाठवलं, त्यात प्राण्यांचा उल्लेख होता, आणि आमच्या अर्जासोबतच्या पत्रातही होता. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा. परदेशी पाहुणा घरी उतरला की ४८ तासांत पोलिसांना कळवणं इटलीत यजमानावर बंधनकारक आहे. तेही बाईंनी स्वतःहून सांगितलं आणि केलं.

बॅगेत कांदालसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, चहापूड. पेढे ठेवले होते ते काढले, कारण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. बाईंसाठी आणि त्यांच्या यजमानांसाठी कोल्हापुरी चपलांचे दोन जोड घेतले, पायाचं माप आधीच मागवून.

ह्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. या घराची जाहिरात मी ह्यांना दाखवली तेव्हा हे नकाशा बघत म्हणाले, "अगं, हे तर राजाराम महाराजांच्या छत्रीच्या समोरच्या काठावर आहे." कोल्हापूरचे हे महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्समध्येच वारले, त्यांची स्मारक-छत्री तिथं आर्नो नदीच्या काठी आहे. मग दुसरं घर बघितलंच नाही.

१५ जून, फ्लॉरेन्स

मुंबईहून रात्रीचं विमान, मध्ये आखातात थांबा, मग रोम. रोमहून वेगवान रेल्वेनं दीड तासात फ्लॉरेन्स. तिथून ट्राम. सगळं सुरळीत झालं, लिहिण्यासारखं काही नाही.

घर इझोलोत्तो नावाच्या भागात. फ्लॉरेन्स म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा घुमट इथून तीनचार किलोमीटरवर. इथं चौकात म्हातारी माणसं बाकांवर बसलेली, तीनचार मजली साध्या इमारती, मध्ये झाडं. युद्धानंतर सरकारनं कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत. १९५४ मध्ये महापौर ज्योर्जो ला पिरा यांनी कुटुंबांच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या. बाईंच्या वडिलांना त्यातलीच एक मिळालेली. बाईंनी तीच किल्ली कपाटातून काढून दाखवली. कुलूप कधीच बदललंय, किल्ली मात्र ठेवली आहे. काळपट लोखंडाची, हाताला जड. मी ती दोन्ही हातांत घेतली.

कुत्र्याचं नाव पेपे. इटालियनमध्ये पेपे म्हणजे मिरी. रंग तसाच, काळा आणि मध्ये करडे केस. ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला "ये मिऱ्या" म्हणून हाक मारली आणि पुढचे पंधरा दिवस तो मिऱ्याच राहिला. मांजर पांढरी, नाव नेवे, म्हणजे बर्फ. ती आम्ही आल्याबरोबर पलंगाखाली गेली.

बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या. इंग्रजी त्यांना बेताचं, आम्हाला इटालियन अजिबात नाही, पण दोघींनी आयुष्यभर मुलांना शिकवलेलं, त्यामुळे अडलं नाही. त्यांनी एक वही करून ठेवली होती, हातानं लिहिलेली, बाजूला चित्रं. मिऱ्याची थायरॉइडची गोळी सकाळी सात आणि संध्याकाळी सात, चीजच्या तुकड्यात घालून. त्याच्या गळ्यातला औषधी पट्टा काढायचा नाही. या भागात एक बारीक वाळूमाशी असते, तिच्या चाव्यातून कुत्र्यांना लिशमानियासिस नावाचा चिवट आजार होतो. म्हणून अंधार पडल्यावर त्याला गॅलरीत झोपवायचं नाही. रस्त्यावर दोरी दीड मीटरपेक्षा लांब नको, हा कायदाच आहे, आणि मुसकं सोबत ठेवायचं. एका पानावर मोठ्या अक्षरांत: कांदा नको, लसूण नको, द्राक्षं नको, बेदाणे नको, चॉकलेट नको. ते वाचून हे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या बॅगेतला अर्धा किलो मसाला म्हणजे कांदा आणि लसूणच. तो त्याच रात्री सर्वांत वरच्या फळीवर गेला.

त्याच वहीत मिऱ्याचे शब्द लिहिलेले. सेदुतो म्हणजे बस. अंदियामो म्हणजे चल. लाशा म्हणजे सोड, टाक ते. बाईंनी ते आमच्याकडून म्हणवून घेतले, वर्गात म्हणवून घेतात तसे.

१६ जून

दोघं पहाटे गेले. दार लागलं आणि मिऱ्या दाराला नाक लावून बसला. आठ वाजले, नऊ वाजले. गोळी घातलेलं चीज खाल्लं, पण तोंड दाराकडेच. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. हात लावला नाही, बोलले नाही, नुसती बसले. पुरातलं ते कुत्रं आठवत होतं. साडेदहाच्या सुमाराला त्यानं एक लांब श्वास सोडला आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवली.

पर्यटक म्हणून गेलो असतो तर हा दिवस वाया गेला असं वाटलं असतं. आम्ही त्या दिवशी काहीही पाहिलं नाही. बंद खिडक्यांच्या फटींतून फरशीवर पडणारे उजेडाचे पट्टे पाहिले. इथं उन्हाळ्यात रात्रभर खिडक्या सताड उघड्या ठेवतात आणि सकाळी नऊच्या आत लाकडी झडपा लावून घेतात. दुपारी बाहेर ३५ अंश, आत मात्र मातीच्या घरासारखं थंड.

१७ आणि १८ जून

दिवसाची घडी बसली. साडेपाचला उठणं, सहाला मिऱ्याला घेऊन आर्नोवरच्या पादचारी पुलावरून पलीकडे कॅशीने उद्यानात. नदीकाठानं साडेतीन किलोमीटर पसरलेलं हे उद्यान पूर्वी इथल्या मेदिची या राजघराण्याच्या शेतीवाडीचं होतं. आता सकाळी सगळ्या फ्लॉरेन्सचे कुत्रे तिथं असतात. माणसं एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, कुत्र्याच्या नावानं ओळखतात. दुसऱ्याच दिवशी आम्ही "पेपेवाले भारतीय" झालो.

१८ ला उशीर झाला. घरी पाऊस सुरू झाल्याचे निरोप येत होते, बंधाऱ्याची पातळी विचारण्यात तास गेला. निघालो तेव्हा नऊ वाजून गेलेले. ह्यांना छत्रीपर्यंत जायचं होतं. ती उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला, पुलापासून दोन किलोमीटरच्या आसपास. अर्ध्या वाटेत मिऱ्या सावलीत थांबायला लागला. वहीत लिहिलं होतं: तळहाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर ठेव, ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजतात. मी हात ठेवला. चारपर्यंतही टिकला नाही. "तुम्ही एकटे जाऊन या," मी म्हटलं. ह्यांनी त्या दिशेला जरा वेळ बघितलं. "नको. पहाटे येऊ, तिघं मिळून." आणि आम्ही गवतातून, झाडांच्या सावलीनं परत फिरलो.

१९ जून

शहर बघायला गेलो. बाईंनी सांगून ठेवलं होतं, मिऱ्या चार तास एकटा राहू शकतो, त्यापेक्षा जास्त नाही. त्यामुळे आमच्या वाट्याला शहर चार-चार तासांच्या तुकड्यांनी आलं. चित्रसंग्रहालयाच्या रांगेत दोन तास उभं राहणं त्यात बसत नव्हतं. ते आम्ही सोडून दिलं आणि मला त्याची खंत नाही.

सांता क्रोचे चर्चच्या बाजूच्या गल्लीत हे अचानक थांबले. भिंतीवर, ह्यांच्या डोक्याच्या खूप वर, एक संगमरवरी पाटी. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचं पाणी या उंचीपर्यंत आलं होतं, असं तिच्यावर कोरलेलं. खाली एक आडवी रेघ. ह्यांनी हात वर केला, तरी रेघ हातभर वरच. कोल्हापुरात पुराची रेघ रंगानं ओढतात, इथं दगडात कोरलेली. पण तिच्याकडे बघणाऱ्या माणसाच्या पोटात जे होतं ते सारखंच. त्या पुरात राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले आणि देशोदेशीची तरुण मुलं येऊन हातांनी ते बाहेर काढत राहिली. इथले लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात. २०१९ मध्ये शिरोळकडे नावा घेऊन गेलेली आमच्या गल्लीतली पोरं मला आठवली. त्यांच्यासाठी असा शब्द आपल्याकडे अजून कोणी केलेला नाही, करायला हवा.

तीन तास वीस मिनिटांनी घरी. मिऱ्या दाराशी होता, पण आता नाक दाराला लावून नाही. शेपूट हलवत.

रात्री पलंगाखालून नेवे आली. माझ्या चादरीवर चढली, गोल फिरली, झोपली.

२१ जून

तिथल्या पावात मीठ नसतं. टस्कनीची, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताची, ती जुनी रीत. पहिल्या दिवशी घास गळ्याखाली उतरेना. पण त्याच पावाला शेंगदाण्याची चटणी लावली आणि वर ऑलिव्हचं तेल सोडलं, तेव्हा ते असं काही जमून आलं की पुढे रोज सकाळी तेच.

आज मात्र ह्यांना झणझणीत पाहिजे होतं. स्वयंपाकघराचं दार लावून मी रश्शासाठी कांदा चिरायला घेतला. पाण्याचा ग्लास मागायला हे दार उघडून आत आले, मागोमाग मिऱ्या. तेवढ्यात पाव कांदा सुरीवरून सुटला, ओट्यावरून घरंगळला आणि सरळ त्याच्या पुढ्यात पडला. त्यानं तो उचललाच. कांदा त्याच्या दातांत, पांढरा, अर्धा बाहेर. माझ्या तोंडून आवाज फुटला तो आमच्या शाळेच्या मैदानापलीकडं जाईल असा: "लाशा!" त्यानं तोंड उघडलं. कांदा जमिनीवर पडला, दाताची एक खूण त्यावर. मी खाली वाकून त्याचं तोंड उघडून बघितलं, जिभेखाली, गालांत, काही नव्हतं. माझे हात थरथरत होते. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मी गेल्याच आठवड्यात वाचलं होतं. बाईंना लगेच निरोप लिहिला, काय झालं ते जसंच्या तसं. त्यांचं उत्तर आलं: सांगितलंत हे चांगलं केलंत, काळजी नको. त्या दिवसानंतर त्या घरात कांदा चिरला नाही.

राखणदारानं चूक लपवू नये. एक चूक लपवली की किल्ली हातात असूनही घर आपल्याला परकं होतं.

२२ आणि २३ जून

सकाळी मिऱ्या फिरून आला आणि डोकं झटकायला लागला. एक कान खाली, मान तिरकी. घटकाभरानं कान खाजवताना कण्हला. वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी एका गवताच्या कुसळाचं चित्र काढलेलं होतं. इथं त्याला फोरासाको म्हणतात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचं हे कुसळ कुत्र्याच्या पंजात, नाकात, कानात शिरतं. काट्यांची टोकं अशी असतात की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आपल्याकडे कुसळी गवतातून आलं की धोतराला चिकटतं ना, तसलंच, पण जास्त दुष्ट. आम्ही रोज पंजे तपासत होतो, कान तपासले नव्हते.

बाईंना फोन, त्यांची परवानगी, मग दोन चौक पलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे. हे मिऱ्याला उराशी धरून उभे, मी मान धरलेली. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला, बारीक चिमटा आत घातला आणि एका झटक्यात ते बाहेर काढलं. पांढऱ्या कापसावर ठेवून आम्हाला दाखवलं. गव्हाच्या लोंबीतल्या दाण्याएवढं, टोकदार, जरासं रक्त लागलेलं. एवढ्याशा वस्तूनं पडद्यापर्यंत भोक पाडलं असतं. दोन दिवस विश्रांती आणि कानात थेंब.

२४ जून

फ्लॉरेन्सचा ग्रामदैवताचा दिवस. ग्रामदैवत हा शब्द मी मुद्दाम वापरते. संत जॉन हा या गावाचा रक्षणकर्ता मानतात, आज सगळ्या गावाला सुट्टी, दुपारी सांता क्रोचेसमोरच्या मैदानात जुन्या पद्धतीचा धसमुसळा चेंडूचा खेळ, रात्री नदीवर आतषबाजी. खालच्या मजल्यावरचं कुटुंब टोपलीत खाणं भरून नदीकाठी निघालं होतं. आम्हालाही या म्हणाले.

वहीत लिहिलं होतं: २४ तारखेला कृपा करून घरीच थांबा. मिऱ्याला फटाक्यांची भीती वाटते.

नऊ वाजता झडपा लावल्या, काचा लावल्या, रेडिओ सुरू केला. घराच्या मधल्या बोळात, जिथं एकही खिडकी नाही, तिथं त्याची गादी टाकली आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंना बसलो. दहाच्या सुमाराला पहिला धमाका झाला. मिऱ्याचं सगळं अंग एकदम ताठ झालं. मग थरथर सुरू झाली. हाताखाली त्याच्या बरगड्यांवर ती लागत होती, मोटर सुरू झाल्यासारखी. तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागलेला. ह्यांनी हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. ह्यांच्या आईच्या तोंडचा, पाठ आहे. एक हात मिऱ्याच्या छातीवर आणि तोंडानं एकामागून एक अभंग. बाहेर आकाश फुटत होतं, आत तो आवाज चढला नाही, उतरला नाही. पाऊण-एक तास असा गेला असेल. शेवटच्या मोठ्या गडगडाटानंतर सगळं शांत झालं, तेव्हा मिऱ्याचं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं आणि माझ्या पायाला मुंग्या आलेल्या होत्या. मी हलले नाही.

गावाची आतषबाजी आम्ही पाहिली नाही. आमच्या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त आठवणारी रात्र हीच आहे.

२६ जून

शाहू जयंती. घरी दसरा चौकात आज पुतळ्याला हार पडले असतील. आम्ही पावणेपाचलाच उठलो. मिऱ्याचा कान बरा होता. गॅलरीतली तुळस, म्हणजे इथली बेझिल, वास आपल्या तुळशीच्या जवळचा, तिच्या चार काड्या आणि कुंडीतली दोन लाल फुलं एवढंच घेतलं. बाईंना आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं.

पूल ओलांडला तेव्हा उजाडत होतं. आर्नो उथळ, हिरवट, संथ. उन्हाळ्यातली पंचगंगा अशीच दिसते. उद्यानाचं टोक जवळ आलं तसं झाडं मागे पडली आणि ती दिसली. नक्षीदार खांबांवर घुमट, भोवती लोखंडी कठडा, आणि आत फेटा बांधलेला, गळ्यात मोत्यांच्या माळा असलेला रंगीत अर्धपुतळा. चेहरा पोराचा. अगदी कोवळा. ह्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, कारखाने, शाळा, संग्रहालयं पाहिली आणि रोज जे पाहिलं ते इंग्रजीत डायरीत लिहून ठेवलं. परत येताना वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला इथं, फ्लॉरेन्समध्ये, आर्नोकाठच्या हॉटेलात गेले. वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. इथं दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढली गेली आणि रात्री, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. आपल्याकडे संगमावरच नेतात. एवढ्या लांब परक्या गावात, सोबतच्या माणसांनी संगम शोधला, हे मला पहिल्यांदा तिथं उभं राहिल्यावर उमगलं. गळा दाटून आला.

ती डायरी दोन वर्षांनी महाराजांसोबत गेलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. छत्री १८७४ मध्ये उभी राहिली. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा आणि छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आमच्या न्यू पॅलेसचा आराखडा काढला तेच मँट. म्हणजे एकाच हातानं काढलेली एक इमारत कोल्हापुरात आणि एक इथं. आणि १८७४ याच सालच्या २६ जूनला कागलच्या घाटगे घराण्यात एक मूल जन्मलं, जे दहा वर्षांनी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलं. ते म्हणजे शाहू महाराज.

तुळस आणि फुलं कठड्याशी ठेवली. मिऱ्या शांत बसून होता, सेदुतो न म्हणता.

रोज उद्यानात दिसणारे एक आजोबा त्यांच्या लंगड्या कुत्रीला घेऊन तिथं आले. या जागेला सगळे इंदियानो, म्हणजे भारतीय, म्हणतात, पलीकडच्या पुलालाही तेच नाव. पण हा इंदियानो कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या उघड्या पायांकडे बघून त्यांनी हातानंच विचारलं. ह्यांनी फोनवर भाषांतर करत सांगितलं, आमच्या गावचे राजे, वीस वर्षांचे होते, इथं वारले. आजोबांनी ते दोनदा वाचलं. टोपी काढली. मग पुतळ्याकडे बघत एकच शब्द म्हणाले, "राग्गाझ्झो." घरी येऊन बाईंच्या शब्दकोशात पाहिला. पोरगा.

२७ ते २९ जून

ऊन वाढलं. पहाटे फिरणं, गोळ्या, थेंब, झाडांना पाणी, कचरा वेगवेगळा करून ज्या त्या पेटीत. एक दिवस बागेच्या बाजारात चेरी घेतल्या. दुसरं काही नाही. मिऱ्या आता "चल रे" म्हटलं तरी उठतो.

३० जून आणि १ जुलै

घर धुऊन पुसून ठेवलं, चादरी बदलल्या, फ्रीजमध्ये त्यांच्यासाठी दूध, अंडी, फळं ठेवली. वहीत आमच्या बाजूनं दोन पानं लिहिली: कोणत्या दिवशी काय खाल्लं, कान कसा आहे, नेवे कुठं झोपते. दोघं संध्याकाळी आले. मिऱ्या जिन्यातला आवाज ऐकूनच वेडा झाला. बाई दारातच खाली बसल्या आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. हे माझ्याकडे बघत होते. आम्हा दोघांनाही तोच माणूस आठवला, सुतारवाड्यातला.

रात्री चपला दिल्या. बाईंनी तळव्यावरची शिवण बोटानं चाचपली, कातडं हुंगलं, आणि किती दिवस लागतात, कोण करतं, सगळं विचारलं. मी सांगितलं, २०१९ मध्ये या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, पण करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या करतच आहेत. मग राजाराम महाराजांचा विषय निघाला. सत्तर वर्षं त्या इथं राहतात, छत्रीभोवती खेळून मोठ्या झाल्या. म्हणाल्या, त्याचं घर बघायला यायला पाहिजे. डिसेंबरात येतो. तुमच्या घरी कोणी राखायला हवं का?

३ जुलै, कोल्हापूर

स्टेशनवर पाऊस. जावेनं किल्ली परत दिली. तुळस तरारली आहे. पंचगंगा पात्राबाहेर पडलेली, बंधारा पाण्याखाली, इशारा पातळी ३९ फुटांची, तिला अजून वेळ आहे.

डिसेंबरात आम्ही लेकाकडे बंगळुरूला जाणार आहोत, त्या वेळी ते दोघं इथं राहतील. आमच्याकडे कुत्रा-मांजर नाही. गच्चीत कबुतरांना रोज धान्य लागतं, आणि दुपारी एक ठरलेली गाय फाटकाशी येते. आज दुपारी मी शाळेतली एक कोरी वही काढली, समास आखला आणि लिहायला बसले. मागच्या दाराच्या कडीचं चित्र ह्यांनी काढलंय. खाली मी लिहिलं: वरची कडी जोर लावून सरकवा. गाईला भाकरी उजव्या हातानं द्या. तिला "ये गं" म्हटलेलं कळतं.